न्यूक्लियर इंजिनीअरिंगचं एम.टेक. की बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल? (मुलगी ऐकत नाहीये)

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

मुलगी इंदूरलाच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, पेढे वाटून झाले, शेजारच्या काकूंनी पुण्यातल्या भाच्याचा विषयही काढून झाला. आणि आता बाईसाहेब म्हणतात, मी जाणार नाही, मला रिअ‍ॅक्टर फिजिक्स शिकायचंय. गेट ही प्रवेश परीक्षा चांगली गेली आहे. एका ठिकाणी न्यूक्लियर इंजिनीअरिंगच्या एम.टेक.ला नंबर लागेलसं दिसतं. बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, ट्रेनिंग स्कूलकडून मुलाखतीचं बोलावणंही आलंय.

मी बँकेतला माणूस. मला व्याज कळतं, न्यूट्रॉन कळत नाही. तर विचारायचं असं की या दोहोंत फरक काय? मेकॅनिकलच्या मुलीला फिजिक्स झेपेल का? आमच्या गच्चीवरून कॅटची (इथलं अणुऊर्जा विभागाचं केंद्र) झाडं दिसतात, मग हे शिक्षण इथेच नाही का होणार? आणि बाकीचंही जरा सांगा.

पोहे_जलेबी

काका, आधी सांगा, पेढे कुठले होते?

मालवी_मिसळ

कॅटमध्ये अणुभट्टी आहे ना भिया! आमच्या लहानपणी पाऊस लांबला की आजी म्हणायची, "त्या कॅटवाल्यांनी काहीतरी सोडलंय हवेत."

निवृत्त_न्यूट्रॉन

आजींना नमस्कार, पण कॅटमध्ये अणुभट्टी नाही. आधीही नव्हती.

१९८४ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा नाव होतं प्रगत तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच कॅट. २००५ मध्ये ते राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र झालं, पण इंदूरच्या रिक्षावाल्यांनी ते नाव काही मनावर घेतलं नाही. तिथे आहेत लेझर आणि कणत्वरक. इंडस-२ नावाचं सुमारे १७२ मीटर परिघाचं कडं आहे, त्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेऊन फिरवतात आणि वळणावर त्यांच्यातून जो क्ष-किरणांचा झोत निघतो तो संशोधनाला वापरतात. युरेनियम फुटणं वगैरे काही नाही. ट्रेनिंग स्कूलची एक शाखा इथेही आहे, पण ती मुख्यतः फिजिक्सवाल्यांची, लेझर आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या वाटेची. मेकॅनिकलची मुलगी बहुधा मुंबईला नाहीतर कल्पाक्कमला जाईल. त्यामुळे राजेंद्रनगरकर, गच्चीवरून डबा पोचवण्याचा विचार असेल तर सोडा.

मी या क्षेत्रात बत्तीस वर्षं काढली, आता राऊला असतो. मूळ प्रश्नावर संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता दूधवाला आलाय.

पुणेरी_शंका

सविस्तर यायच्या आत थोडं गार पाणी ओततो. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर अणुभट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं, २०१० मध्ये वीज मिळणार होती. गाभा भरायला प्रत्यक्षात सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. ज्या क्षेत्रात एक प्रकल्प उभा राहीपर्यंत माणसाचे केस पिकतात, तिथे बावीस वर्षांच्या मुलीला हातातली नोकरी सोडून पाठवायचं? मुलगी हुशार आहे म्हणूनच म्हणतोय.

ग्वाल्हेरी

शंकासाहेबांशी थोडा सहमत. आमच्याकडे शिवपुरीच्या भीमपूरला अणुवीज केंद्र होणार, हे मी शाळेत असल्यापासून पेपरात वाचतोय. आता माझा मुलगा शाळेत आहे आणि तोही वाचतोय. मंडल्याच्या चुटक्याची कथा काही वेगळी नाही.

मांडवी_गेट

वडोदऱ्याहून लिहितोय. उशीर होतो हे खरं, पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. काकरापारला ७०० मेगावॉटची देशी बनावटीची पहिली भट्टी जुलै २०२० मध्ये क्रिटिकल झाली (म्हणजे तिच्यातली साखळी स्वतःहून चालू लागली), जून २०२३ अखेर व्यावसायिक उत्पादनाला लागली, आणि तिची जुळी बहीण मार्च २०२४ मध्ये. तेच डिझाइन आता रावतभाट्यात आलंय, पुढे हरयाणात आणि बांसवाड्यात येतंय. एकाच आराखड्याच्या भट्ट्या ओळीने उभ्या राहायला लागल्या की माणसं लागतातच. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं लक्ष्य सांगितलंय. तेव्हा आपण नऊच्याही आत होतो. लक्ष्याच्या चौथाईला पोचलो तरी या मुलीच्या अख्ख्या नोकरीला पुरेल एवढं काम आहे.

आणि हो, आमच्या वडोदऱ्यातही खत कारखान्याला लागून जड पाण्याचा कारखाना आहे. आमचे मोठेमामा तिथे होते. लग्नकार्यात कुणी विचारलं, "जड पाणी म्हणजे बोअरचं का हो?" की मामा तिथून उठून पंगतीला जाऊन बसायचे.

मालवी_मिसळ

मग जड पाणी म्हणजे काय ते मामांनी नाही तर तुम्ही सांगा. आमचं बोअरचंही जडच आहे, डाळ शिजत नाही.

मांडवी_गेट

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतो, म्हणजे त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ. शेवटी पाणीच ते, पण वजनाला दहा-अकरा टक्के जास्त. साधं पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, पण जाता जाता थोडे गिळूनही टाकतं. जड पाणी जवळजवळ गिळत नाही. म्हणून आपल्या बहुतेक भट्ट्यांत खाणीतून निघालेलं नैसर्गिक युरेनियम चालतं, ज्यात फुटण्याजोगं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं.

निवृत्त_न्यूट्रॉन

मांडवी_गेट यांनी माझं निम्मं काम केलं. आता मी.

राजेंद्रनगरकर, तुम्ही बँकेतले, तर तुमच्याच भाषेत सांगतो. रिअ‍ॅक्टर फिजिक्स म्हणजे न्यूट्रॉनचं खातं. एक न्यूट्रॉन युरेनियमच्या केंद्रकाला फोडतो, त्यातून सरासरी दोन ते तीन नवे निघतात. त्यातले काही गाभ्यातून बाहेर निसटतात, काही पोलाद आणि युरेनियम-२३८ गिळतं. उरलेल्यांपैकी बरोबर एकाने पुढचं केंद्रक फोडलं तर खातं जुळलं. या पिढी-दर-पिढी गुणोत्तराला आम्ही 'के' म्हणतो. के एक असेल तर भट्टी स्थिर. एकाहून कमी झाला तर विझत जाते, जास्त झाला तर वाढत जाते.

पण खरी गंमत पुढेच आहे, तिच्यासाठीच मी जन्म घालवला. के समजा १.००१ झाला, म्हणजे एक हजारांश जास्त. न्यूट्रॉनची एक पिढी सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाची धरा. चक्रवाढ करून बघा, तुम्हाला सवय आहे. एका सेकंदात संख्या वीस हजार पटींच्या वर जाते. अशी भट्टी कुठला बाप चालवणार? न्यूट्रॉन गिळून भट्टी आवरणारी कोणतीही कांडी इतक्या चपळाईने खाली येत नाही.

निसर्गाने इथे एक मेहेरबानी केली आहे. युरेनियम-२३५ च्या फुटण्यातून येणारे सगळे न्यूट्रॉन तत्क्षणी येत नाहीत. हजारातले साडेसहाच्या आसपास उशिरा येतात, कुणी सेकंदाने, कुणी जवळपास मिनिटाने. फुटलेल्या तुकड्यांपैकी ब्रोमीन-८७ सारखे काही आधी स्वतः बदलतात आणि मग न्यूट्रॉन सोडतात. त्या उशिरा येणाऱ्यांचा हिशेब धरला की त्याच १.००१ च्या के ला न्यूट्रॉनची संख्या पावणेतीन पट करायला मिनिटभर लागतो. नियंत्रणाच्या यंत्रणेला आणि पॅनेलवर बसलेल्या माणसाला तेवढा वेळ पुरतो. जगातली प्रत्येक अणुभट्टी या साडेसहा उशीरलतिफांच्या भरवशावर चालते.

हे मी का सांगतोय? कारण मुलगी म्हणते "रिअ‍ॅक्टर फिजिक्स", तर तिला नेमकं हेच आवडलंय का, ते विचारा. की तिला भट्टी या यंत्राचं कुतूहल आहे? दोन्ही चांगलं, पण वाटा थोड्या वेगळ्या.

पोहे_जलेबी

"हजारातले साडेसहा उशिरा येतात म्हणून जग चालतं" हे मी आज ऑफिसात सांगणार. आमचे साहेब वेळेवर येणाऱ्यांच्या पंथाचे आहेत.

शॉर्टसर्किट

मी इलेक्ट्रिकलचा, गेटमधून एनपीसीआयएलला (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) लागलो. ट्रेनी म्हणून एक वर्ष प्रशिक्षण, मग केंद्रावर. काकांनी हा तिसरा रस्ता विचारलाच नाही, म्हणून सांगतो. ट्रेनिंग स्कूलमधून मुख्यतः संशोधन आणि डिझाइनची माणसं तयार होतात, आमच्याकडे चालवणारी. कंट्रोल रूममध्ये बसायचा परवाना मिळवायला लेखी परीक्षा, प्लँटमध्ये फिरत फिरत तोंडी, सिम्युलेटरवर चाचणी, असं सगळं पार करावं लागतं. माझ्या तोंडीत एका साहेबांनी झडपेसमोर उभं करून विचारलं, "ही आत्ता बंद केली तर घरी कुणाला फोन येईल?" मी सगळी साखळी सांगितली. शेवटी ते म्हणाले, "आणि तुमच्या बायकोला. तुम्ही आज जेवायला येणार नाही म्हणून."

मेकॅनिकलला झेपेल का, या प्रश्नावर मला हसू आलं. आमच्याकडे निम्मी गर्दी मेकॅनिकलचीच आहे.

निवृत्त_न्यूट्रॉन

शॉर्टसर्किट बरोबर बोलले, त्याला माझी एक पुरवणी.

भट्टी बंद केली म्हणजे ती थंड झाली असं होत नाही. साखळी थांबते, पण फुटलेले तुकडे किरणोत्सर्गी असतात, ते तापतच राहतात. बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-साडेसहा टक्के उष्णता शिल्लक असते. ७०० मेगावॉट विजेच्या भट्टीची औष्णिक शक्ती साधारण २१६६ मेगावॉट, म्हणजे 'बंद' भट्टीत १४० मेगावॉट. दिवसाने ती अर्ध्या टक्क्यावर येते, पण तोवर पाणी फिरतं ठेवावंच लागतं. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात भूकंपाबरोबर साखळ्या व्यवस्थित थांबल्या होत्या. फिजिक्सने आपलं काम केलं. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पाणी फिरवायला वीज उरली नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. तो प्रश्न पूर्णपणे मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचा.

उलट उदाहरणही आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत हॅनफर्डची बी भट्टी चालू केली आणि काही तासांत ती आपोआप विझली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली, पुन्हा विझली. भौतिकशास्त्रज्ञ फर्मी तिथे हजर होते. कारण निघालं झेनॉन-१३५. विखंडनातून आयोडीन होतं, त्याचं काही तासांत झेनॉन होतं, आणि तो झेनॉन न्यूट्रॉन असा गिळतो की दुसरं कुणी त्याच्या पासंगाला पुरत नाही. फिजिक्सवाल्यांनी इंधनाच्या १५०० नळ्या पुरेत म्हटलं होतं. कंपनीच्या इंजिनीअरांनी सावधपणाने २००४ ची जागा करून ठेवली होती. जास्तीच्या नळ्या भरल्या आणि झेनॉनवर मात झाली. भौतिकशास्त्रज्ञ आधी त्या जादा नळ्यांना खर्चिक म्हणून नाकं मुरडत होते.

तेव्हा मेकॅनिकल असणं ही उणीव समजू नका. ट्रेनिंग स्कूलमध्ये प्रत्येक शाखेच्या माणसाला रिअ‍ॅक्टर फिजिक्सचा पाया घालूनच देतात.

अर्धवट_अणू

वाचत होतो, लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एम.टेक.ची बाजू कुणी मांडत नाहीये, आणि ती मी जगलोय.

मी एका खासगी संस्थेतून न्यूक्लियरचं एम.टेक. केलं. नाव नको. शिकवणारे दोघं फार चांगले, निवृत्त शास्त्रज्ञ. पण ते महिन्यातून दोन आठवडे यायचे. प्रयोगशाळेत एक गायगर काउंटर, एक न्यूट्रॉन स्रोत आणि त्याभोवती कुलूप. कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. भट्टी पाहिली ती सहलीत, काचेआडून, चाळीस मिनिटं. दुसऱ्या वर्षी कळलं की कॅम्पसला या विषयासाठी कुणीच येत नाही. जी दोन-तीन दारं आहेत ती बहुतेक सगळी सरकारी, आणि ती मूळ शाखेवर आणि गेटवर उघडतात, एम.टेक.च्या नावावर नाही. मी बी.ई.नंतर दोन वर्षं नोकरी करून मग गेलो होतो. पदवी हातात आली तेव्हा वयाची सव्वीस ओलांडलेली, आणि ट्रेनिंग स्कूलची सर्वसाधारण गटाची मर्यादा तेवढीच. अर्जसुद्धा भरता आला नाही.

याचा अर्थ सगळी एम.टेक. अशीच असं नव्हे. आयआयटी कानपूरचा कार्यक्रम जुना आणि कसदार आहे, मद्रासचाही चांगला. माझी चूक अशी की मी कोर्सचं नाव बघितलं, त्याच्या मागे भट्टी आहे का ते बघितलं नाही.

सध्या मी कॅन्सर हॉस्पिटलांच्या रेडिओथेरपी खोल्यांच्या भिंतींचं गणित करतो. दीड-दोन मीटर काँक्रीट. मशीन १० मेगाव्होल्टच्या वरचं असेल तर त्यातून न्यूट्रॉनही निघतात, मग दाराला बोरॉनवालं पॉलिथीन लागतं. पगार बरा आहे. शिकलेलं वाया गेलं नाही, पण ज्यासाठी शिकलो ते हे नव्हतं.

पुणेरी_शंका

अर्धवट_अणू, प्रामाणिक प्रतिसाद, आवडला. माझा मुद्दा हाच होता, तुम्ही तो जास्त चांगला मांडलात.

शॉर्टसर्किट

शंकासाहेब, तुमचा मुद्दा वेगळा होता. तुम्ही म्हणालात क्षेत्रात जाऊच नका. ते म्हणतायत दार बघून जा.

पुणेरी_शंका

मान्य. (पुण्यात हा शब्द वर्षातून एकदा वापरतात, नोंद घ्यावी.)

राजेंद्रनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सौ.ला सगळं वाचून दाखवलं, झेनॉनचं दोनदा. आता व्यवहाराचं विचारतो. ट्रेनिंग स्कूलला फी किती? बाँड असतो म्हणे, तो किती वर्षांचा? पदवी मिळते का, की नुसतं प्रमाणपत्र? आणि दोन वर्षांचीही एक योजना आहे असं मुलगी म्हणत होती.

निवृत्त_न्यूट्रॉन

फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. एक वर्षाचा कोर्स, ओसीईएस. तो नीट पार पडला की थेट सायंटिफिक ऑफिसर म्हणून नेमणूक. बाँड तीन वर्षांचा. कोर्सचे गुण होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत जमा होतात. पुढे नोकरीत राहून वर्षभराचा प्रकल्प केला की एम.टेक.ही होतं. म्हणजे पदवी हवीच असेल तर त्या दारानेही येते.

दोन वर्षांची ती डीजीएफएस. निवड याच मुलाखतीतून, पण एम.टेक. करायचं आयआयटीसारख्या ठरावीक संस्थांत. खर्च विभागाचा, प्रकल्पाला एक मार्गदर्शक तिकडचा आणि एक आमच्याकडचा. संपलं की विभागात रुजू. ज्यांना कॉलेजचं वातावरण अजून थोडं हवंय त्यांना ही मानवते.

पण हे सगळं मुलाखतीच्या पलीकडचं. गेट तुम्हाला दारापर्यंत आणते, अंतिम निवड मुलाखतीवर. आणि ती मुलाखत दहा मिनिटांची नसते. तासभरही चालते. आवडते विषय विचारतात आणि मग त्याच विषयात खोल खोल नेतात, जिथे पाय टेकत नाही तिथपर्यंत. मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. "येत नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही घेतलंय. येतं असं भासवणाऱ्यांना क्वचित.

ग्वाल्हेरी

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. काकोडकर साहेब आपल्या बडवानीचे, माहीत आहे ना? १९४३ चा जन्म, इंदूरहून काही तासांवर. मुंबईला मेकॅनिकल केलं आणि याच ट्रेनिंग स्कूलमधून गेले, पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. निमाडातला मेकॅनिकलवाला. राजेंद्रनगरकर, शेजारच्या काकूंना हे सांगा.

मालवी_मिसळ

काकू म्हणतील, "बरोबर, पण त्यांचं लग्न वेळेवर झालं होतं ना?"

सुदामानगरची_सून

मी वरपासून खालपर्यंत वाचलं. राजेंद्रनगरकर दादा, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये शेवटी लिहिलंत, "बाकीचंही जरा सांगा." पन्नास लोकांनी वाचलं, कुणी विचारलं नाही की बाकीचं म्हणजे काय. मी विचारते. मुलगी आहे, रेडिएशनमध्ये जाणार, पुढे लग्न, मुलंबाळं, हेच ना?

राजेंद्रनगरकर

हो ताई. सौ. रात्री झोपत नाही. मी दाखवत नाही एवढंच.

सुदामानगरची_सून

मग ऐका. माझे मिस्टर रावतभाट्याला होते, आम्ही तिथल्या कॉलनीत अकरा वर्षं राहिलो. माझी दोन्ही मुलं तिथलीच, एक आता बारावीला आहे आणि मोबाइल सोडून त्याला कसलाही रोग नाही.

मीही भीत होते. सासूबाईंनी इंदूरहून निघताना दृष्ट काढून दिली होती. मग तिथल्या एका हेल्थ फिजिक्सवाल्या ताईंनी मला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. आपण कुठेही असलो तरी माती, आकाश, हवा, अन्न यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनचं माप) घेतोच. छातीचा एक सीटी स्कॅन पाच-सात देतो. भट्टीत काम करणाऱ्यांना पाच वर्षांत मिळून १०० ची मर्यादा, आणि आपल्या देशात एका वर्षात ३० च्या वर नाही. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, तो ठरावीक काळाने मोजायला जातो, आणि आकडा वाढला की माणसाला त्या कामावरून हलवतात. बाईने दिवस राहिल्याचं कळवलं की गर्भासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा, म्हणजे साध्या नागरिकाला वर्षाला जेवढी, तेवढीच. त्या ताई स्वतः तेव्हा सातव्या महिन्यात होत्या आणि माझ्या हातचं लोणचं खात होत्या.

आणि तुमची मुलगी फिजिक्स किंवा डिझाइनला गेली तर बहुतेक वेळ कॉम्प्युटरसमोर. त्या बाबतीत पुण्याच्या नोकरीहून वेगळं काही नाही. पाठ दुखेल.

खरी अडचण वेगळी आहे, ती कुणी सांगत नाही. या वसाहती दूर असतात. शाळा चांगली, दवाखाना चांगला, पण संध्याकाळी सातनंतर गाव संपतं. मला तिथे सराफ्यातल्या खाण्याची एवढी आठवण यायची की मी गराडूचं नाव काढून रडले होते एकदा.

पोहे_जलेबी

गराडूसाठी रडणं हे इंदूरच्या रहिवासाचं प्रमाणपत्रच म्हणायचं.

मांडवी_गेट

ताई, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

पुणेरी_शंका

चेर्नोबिलचं कुणी बोलत नाही म्हणून मी विचारतो. १९८६ मध्ये तिथेही शिकलेलेच लोक पॅनेलवर होते ना?

निवृत्त_न्यूट्रॉन

होते, म्हणूनच हा विषय शिकवावा लागतो. त्या रात्री चाचणीआधी शक्ती चुकून ३० मेगावॉट औष्णिकपर्यंत घसरली आणि गाभ्यात झेनॉन साचत गेला. तो रेटून शक्ती वर आणण्यासाठी त्यांनी नियंत्रणाच्या कांड्या जवळजवळ सगळ्या बाहेर काढल्या. वर त्या आराखड्याचा दोष असा की पाण्याची वाफ झाली की शक्ती आणखी वाढायची. आणि कांड्यांच्या टोकांना ग्रॅफाइट, त्यामुळे आणीबाणीचं बटण दाबल्यावर पहिल्या काही क्षणांत उलटाच परिणाम. आराखड्याची ही खोड पॅनेलवरच्या लोकांना नीट सांगितलीच गेली नव्हती. शंकासाहेब, माझ्या वर्गात मी हा तास सगळ्यात हळू घ्यायचो.

के_बरोबर_एक

नमस्कार. आजच सदस्य झाले. "ऐकत नाहीये" ती मीच.

बाबांनी हा धागा आईला वाचून दाखवला, आईने मावशीला पाठवला, मावशीने मला. म्हणजे के एकाहून जास्त आहे.

निवृत्त_न्यूट्रॉन काका, तुम्ही विचारलंत, नेमकं काय आवडलंय. सहाव्या सेमिस्टरला हीट ट्रान्स्फरच्या प्रोजेक्टसाठी मी इंधनाच्या एका कांडीतलं तापमान काढत होते. सरांनी उष्णता किती निर्माण होते तो आकडा दिला होता. मी विचारलं, हा कुठून आला? ते म्हणाले, तो फिजिक्सवाले देतात, आपण घ्यायचा. मला ते "आपण घ्यायचा" काही पचलं नाही.

मग ओपनएमसी नावाचा फुकट मिळणारा कोड लॅपटॉपवर घातला. एक एक न्यूट्रॉन सोडून त्याचं काय होतं ते फासे टाकल्यासारखं बघत जातो तो. नैसर्गिक युरेनियम ऑक्साइडची कांडी, भोवती साधं पाणी, आणि अशा कांड्या अनंत, म्हणजे निसटायला जागाच नाही. कांड्यांमधलं अंतर बदलत गेले. अंतर कमी केलं तर न्यूट्रॉनचा वेग पुरेसा उतरत नाही, वाढवलं तर पाणी गिळतं. रात्री दोनपर्यंत वीस-बावीस अंतरं केली, के एकाच्या वर जाईना. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग फक्त एक ओळ बदलली, हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, आणि अंतर वाढवलं. के एकाच्या वर. मी हॉलमध्ये येऊन बाबांना उठवलं होतं. त्यांना वाटलं चोर आले.

राजेंद्रनगरकर

तो हा प्रकार होता होय!

निवृत्त_न्यूट्रॉन

बेटा, चूक काही नव्हती. नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात कसंही मांडलं तरी साखळी चालत नाही. जड पाण्याचे कारखाने आपण याच कारणासाठी उभारले. मांडवी_गेटच्या मामांची नोकरी तू रात्री दोन वाजता एका ओळीत सिद्ध केलीस.

आता कामाचं. मुलाखतीत आवडते विषय म्हणून हीट ट्रान्स्फर आणि थर्मोडायनॅमिक्स सांग. रिअ‍ॅक्टर फिजिक्स सांगू नकोस, ते तुला अजून येत नाही. मात्र हे जे केलंस ते संधी मिळाली तर सांग, आणि एक प्रश्न नक्की येईल, त्याची तयारी ठेव. ताज्या इंधनाचा के तू काढलास, त्यात झेनॉन कुठे आहे?

के_बरोबर_एक

नाहीच घातला. आणि इंधनाचं तापमानही सगळीकडे खोलीचंच ठेवलं होतं.

निवृत्त_न्यूट्रॉन

मग आज रात्री तापमान वाढवून बघ. के खाली येईल. का येतो ते मला सांग, मी इथे उत्तर देणार नाही.

अर्धवट_अणू

एम.टेक.चा प्रवेश लगेच सोडू नकोस. मुलाखतीचा निकाल येईपर्यंत हातात असू दे. फी परत मिळायची शेवटची तारीख मात्र आजच लिहून ठेव, मी ठेवली नव्हती.

आणि तो कोड मला पण शिकव. आमच्या ऑफिसात विकतचा आहे, त्याचं लायसन्स दर मार्चमध्ये संपतं.

शॉर्टसर्किट

एनपीसीआयएलचा अर्जही भर. गेटचा स्कोअर तोच चालतो, वेगळं काही लागत नाही.

सुदामानगरची_सून

आईला माझा नंबर निरोपातून पाठवते, त्यांना म्हणावं कधीही फोन करा. आणि काकूंच्या भाच्याचं काय ठरलं?

के_बरोबर_एक

भाचा अजून उशिरा येणाऱ्या साडेसहांत आहे.

काका, करून बघितलं. इंधन ९०० केल्विनला नेलं, के खाली आला. मला वाटतं युरेनियम-२३८ चे अणू जास्त थरथरतात, त्यामुळे ज्या ठरावीक ऊर्जांना ते न्यूट्रॉन गिळतात त्यांचा पट्टा रुंद होतो आणि वाटेत जास्त गिळले जातात. बरोबर?

निवृत्त_न्यूट्रॉन

डॉप्लर. बरोबर. मुलाखतीत "मला वाटतं" तसंच राहू दे.

राजेंद्रनगरकर

अवंतिकाची दोन तिकिटं काढली आहेत. मुंबईला मामेभावाकडे उतरू, मुलाखतीच्या दिवशी मी गेटबाहेर थांबेन. डबा, पाणी, शेव, जीरावण सगळं घेतलंय.

के_बरोबर_एक

बाबा, एक तिकीट रद्द करा. जीरावण माझ्या बॅगेत ठेवा.